दुधी कुणी लावायचा

एकनाथकाकांनी दुधीचे तिसरे रोप कागदी पेल्यासकट पुढे केले, तेव्हा चैत्रालीच्या दोन्ही हातांत आधीची दोन होती आणि जीन्सच्या खिशात फोन वाजत होता.

“काका, बास. वाफा केवढासा माझा!”

“वेलाला खाली जागा लागत नाही, वर लागते. कुंपणावर चढव,” असे म्हणून काकांनी तिसरा पेला तिच्या कोपराच्या बेचक्यात अलगद अडकवला.

“काका, माझा कॉल आहे. बाराबंकीचा.”

“घे की मग. मी कुठे आवाज करतोय?”

तिने तिन्ही पेले वाफ्याच्या कडेला मांडले, मातीचे हात पँटला पुसले आणि फोन टोमॅटोच्या आधाराच्या लोखंडी पिंजऱ्याला टेकवून उभा केला. शनिवारची सकाळ होती. न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेच्या त्या सामायिक बागेत विद्यापीठातल्या मुलांचे आणि गावातल्या लोकांचे वाफे शेजारी शेजारी होते, आणि मेअखेरचे ऊन नुकतेच कुंपणावरून आत उतरत होते. घरी टेबलाशी बसून बोलणे तिला सोपे गेले असते. पण तिकडच्या रेणूने एकदा सांगितले होते, दीदी, तुम्ही भिंतीपुढे बसून बोललात की बाया म्हणतात हे सरकारी वाटतं. तेव्हापासून चैत्राली बाराबंकीशी मातीत बसूनच बोलत असे.

ती मूळची अमरावतीकडची. उत्तर भारतातल्या छोट्या शेतकऱ्यांनी पावसाळ्यात कोणती भाजी कधी लावावी, यावर तिची पीएचडी चालली होती. बाराबंकीजवळच्या एका गावात बायकांचा गट होता, प्रत्येकीकडे जेमतेम दोन-तीन बिघे जमीन. मागच्या वर्षी सगळ्यांनी एकाच आठवड्यात लौकी लावली, म्हणजे आपला दुधी. ती एकाच आठवड्यात वेलावर लटकली, एकाच दिवशी बाजारात गेली आणि उरलेली म्हशींनी खाल्ली. यंदा चैत्रालीने रेणूबरोबर बसून घरागणिक वेगळी भाजी आणि वेगळे नक्षत्र ठरवले होते. कुणी रोहिणीत भेंडी, कुणी मृगात दोडका, कुणी आर्द्रेत मिरचीची लागवड. श्रावणापासून कार्तिकापर्यंत गटाची टोपली एकही दिवस रिकामी राहू नये, अशी ती आखणी होती. मात्र सगळ्या तयार झाल्या तरच तिला अर्थ होता. अर्ध्या जणी बाजूला झाल्या तर उरलेल्या अर्ध्या तोंडघशी पडणार होत्या. बियाणे भिजत घालायची वेळ आली होती, आणि काय ते आज ठरायचे होते.

खरे तर जूनमध्ये ती स्वतः तिथे जाणार होती. पण सध्या देशाबाहेर पडलीस तर परत यायला व्हिसाची अडचण होईल, असे विद्यापीठाच्या ऑफिसने कळवले, गाइडनेही तेच सांगितले आणि तिने ट्रिप कॅन्सल केली. तिची दोन वर्षे ज्या बायकांच्या शेतांचा विचार करण्यात गेली होती, त्यांच्यातल्या एकीलाही ती अजून समोरासमोर भेटली नव्हती.

“दीदी, आज सब आई हैं,” पडद्यावर रेणू म्हणाली. ती गटाचे काम पाहायची. पंचविशीची, भरभर बोलणारी. मग तिने आवाज खाली आणला. “लेकिन कोई मान नहीं रहा.”

फोन गरकन फिरला. पत्र्याच्या छपराखाली, सतरंजीवर आणि एका खाटेवर बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. तिकडे संध्याकाळ होती, उजेड पिवळा पडत चालला होता. सगळ्यात पुढे फूलमतीचाची बसली होती. पन्नाशी ओलांडलेली, रुंद खांद्यांची, आवाज असा की फोनची गरज पडू नये. तिचे शेत तळ्याला लागून, गावात सगळ्यात खाली.

“नमस्ते चाची,” चैत्राली म्हणाली.

“नमस्ते बिटिया. हम तो लौकी ही लगाएँगे.”

“हम भी,” मागून दोघी-तिघी म्हणाल्या. मग आणखी कुणी. मग बहुतेक सगळ्याच.

चैत्रालीने समजावायला सुरुवात केली. चाचीच्या शेतात भाद्रपद सरेपर्यंत पाणी साचते, मागच्या वर्षी तिच्या निम्म्या वेलांची मुळे कुजली होती. म्हणून आखणीत तिचा नंबर सगळ्यात शेवटी होता. पाणी ओसरले की मुळा आणि फ्लॉवर. हे सगळे बरोबर होते आणि ते चाचीलाही ठाऊक होते. ती ऐकून घेत होती, मानही हलवत होती. मग म्हणाली,

“सावन में सबका बिकेगा. हम क्या बैठके देखेंगे?”

“पण चाची, कातिक में पूरे गाँव में अकेली आपकी गोभी होगी.”

“वो कातिक की बात है. हम सावन की पूछ रहे हैं.”

बायका हसल्या. चैत्रालीही हसली, पण तिचे बोट नकळत वाफ्यातल्या एका गवताच्या काडीभोवती गुंडाळले गेले. तिने काडी ओढली. पाते तुटून हातात आले, मूळ खालीच राहिले. चाची हलली नाही तर कुणीच हलणार नाही, हे तिला कळत होते. समोरच्या निम्म्या बायका चाचीच्या नात्यातल्या होत्या आणि उरलेल्या तिच्याकडे बघून पेरणाऱ्या. चैत्रालीने पुन्हा बोलायला सुरुवात केली आणि दोन वाक्यांतच तिला स्वतःचा आवाज परिषदेत पेपर वाचल्यासारखा वाटू लागला. खाटेवरच्या एकीने जांभई दिली.

“दीदी, आपके उधर लौकी होती है?” तिनेच जांभई संपवून विचारले. बहुधा विषय बदलावा म्हणून.

शेजारच्या वाफ्यात एकनाथकाका इतका वेळ कबूल केल्याप्रमाणे आवाज न करता कुदळीने माती भुसभुशीत करत होते. लौकी हा शब्द कानावर पडताच त्यांची मान वर आली.

“होती है क्या! पूछो मत!”

कुदळ तिथेच टाकून ते आले, डोक्यावरची टोपी काढली आणि फोनपुढे उकिडवे बसले. काका सत्तरीचे होते. तरुणपणी सांगलीहून इंजिनियर म्हणून आले, इथेच नोकरी करून निवृत्त झाले. मुलगा देवांग इथेच जन्मलेला, तो आता व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नला असायचा, डेटा सेंटरमध्ये. घरी काका आणि शैलाकाकू, दोघेच.

“मैं एकनाथ,” काका म्हणाले. “इसका काका. मतलब सगा नहीं, इधर का.”

“राम राम बाबूजी,” बायका म्हणाल्या. दोघी-तिघींनी पदर सावरले. खाटेवरची जांभईवाली सरळ बसली.

“हमारे यहाँ ऑगस्ट महिने में इतना लौकी होता है, इतना लौकी होता है, की लोग दरवाजा नहीं खोलते!”

काकांची हिंदी सांगलीतून थेट न्यू जर्सीला आलेली होती, वाटेत कुठे थांबली नव्हती. पण त्यांना गोष्ट सांगता येत असे. फेब्रुवारीपासून तळघरात दिवे लावून आपण रोपे कशी वाढवतो ते त्यांनी सांगितले. मे महिन्यात ती साऱ्या मराठी घरांत कशी वाटतो, मग ऑगस्टमध्ये प्रत्येकाच्या अंगणात दुधीच दुधी कसा होतो. ज्याला त्याला दुधी दुसऱ्याला द्यायचा असतो आणि घ्यायचा कुणालाच नसतो. मागच्या ऑगस्टमध्ये एक दिवस आपण बाहेरून घरी आलो, तर पायरीवर एक दुधी ठेवलेला.

“मैंने बायको को बोला, देखो! किसी ने हमको भी लौकी दिया! मैं तो एकदम खुश. इतने साल मैं ही देता हूँ, मुझे कौन देगा? फिर उसको उठाया. उलटा किया. देखा तो उसके पेट पे तार का निशान.” काकांनी आपल्या पोटावर बोटाने आडवी रेघ ओढली. “मेरे मांडव का तार! मेरा ही लौकी! मैंने राजेश को दिया था. राजेश ने सीमा को दिया. सीमा ने जगन्नाथ को दिया. और जगन्नाथ अंधेरे में आके मेरे ही दरवाजे पे रखके भाग गया!”

मग फूलमतीचाची हसली. आधी खांदे हलले, मग तिने पदर तोंडाला लावला आणि मग पदरालाही ते हसू आवरेना. तिच्या पाठोपाठ सगळ्या. कुणी शेजारणीच्या पाठीवर थाप मारली, कुणी डोळे पुसले. रेणूच्या हातातला फोन थरथरत होता, त्यामुळे पडद्यावर नुसते दात आणि बांगड्या दिसत होत्या. काकाही हसत होते, मांडीवर हात मारून हसत होते.

“घूमके आ गई!” चाची धापा टाकत म्हणाली. “बिटिया अपने मायके लौट आई!”

पुन्हा हशा. तो ओसरत आला तेव्हा मागून एका तरुण बाईने सहज विचारले,

“तो बाबूजी, जब किसी को चाहिए ही नहीं, तो बाँटते क्यों हो?”

काकांचे हसू चेहऱ्यावरच होते, पण ते आता तसेच थांबले होते. त्यांनी टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. चैत्राली खाली, कडेला मांडलेल्या पेल्यांकडे पाहू लागली.

“खाली हाथ किसी के घर कैसे जाएगा आदमी?” काका म्हणाले.

हे त्यांनी गोष्टीसारखे सांगितले नाही. साधेच सांगितले, कुणी पत्ता विचारल्यावर सांगावा तसे.

चाचीने पदराने तोंड पुसले, फोन रेणूच्या हातून स्वतःच्या हातात घेतला आणि तो इतका जवळ धरला की पडद्यावर तिचे कपाळ आणि डोळेच उरले.

“बाबूजी, कितने घर हैं आपके?”

“मेरा एकच है.”

“अरे, जिनको बाँटते हो!”

“वो होंगे दस-बारा.”

“और सबको लौकी?”

“हाँ.”

“तो इसमें लौकी की क्या गलती है? गलती आपकी है.” मागे पुन्हा हसू फुटले, चाचीने हात वर करून ते थांबवले. “एक को भिंडी दो. एक को बोड़ा दो.”

“बोड़ा म्हणजे चवळी, काका,” चैत्राली हळूच म्हणाली.

“मग कुणाला काय देऊ?” काकांनी मराठीतच विचारले आणि चाचीला ते बरोबर कळले.

“बताओ, किसका घर कैसा है.”

आणि काका सांगू लागले. चैत्रालीने एकदा तोंड उघडले होते, ते तिने मिटले. सीमाचं अंगण दक्षिणेला, दिवसभर ऊन, पण ती नुसती फुलं लावते. भिंडी, खाटेवरून दोघींनी एकदमच निकाल दिला. जगन्नाथच्या मागच्या दारी मोठं मेपलचं झाड आहे, दुपारनंतर सावली. पालक. राजेश कामासाठी महिन्यातले निम्मे दिवस बाहेर, पाणी घालायला कुणी नाही. चौलाई, म्हणजे आपला माठ. बोओ और भूल जाओ, महीने भर में खाओ. प्रीताला नुकतीच मुलगी झालीय, तिची आई आलीय नागपूरहून, बाई दिवसभर घरात कंटाळते. तो उनको बैंगन दो, मेहनत का काम है, मन लगा रहेगा. राजाराम मास्तरांना शुगर आहे, ते कारलं खातात. करेला, और क्या!

कुणाकडे किती ऊन येते, नळ कुठे आहे, कुणाची सासू आली आहे, कुणाचा गुडघा दुखतो, काकांना सगळे माहीत होते. दर ऑगस्टमध्ये दाराशी उभे राहून त्यांनी ते गोळा केले होते. बायका एकेक घर ऐकत होत्या आणि भांडत होत्या. दोडका आणि चवळी एकाच वेळी तयार होतील, मग एकाला पंधरवडा मागे ढकला. नहीं, पहले बोड़ा, बोड़ा जल्दी आता है. एकीने विचारले, तिकडे थंडी कधी पडते? ऑक्टोबरमध्ये दव गोठू लागते, चैत्रालीने सांगितले, मग बर्फ.

“बरफ? खेत में?”

“खेत में, छत पे, गाड़ी पे. सब जगह.”

“हाय राम! तो फिर कातिक में क्या लगाओगे?”

“मेथी होते, मुळा होतो,” चैत्राली म्हणाली. “सप्टेंबरमध्ये पेरायची. थंडीला टिकते. पण तेव्हा इकडे कुणी बागेत येत नाही. अंधार लवकर पडतो, हात गारठतात. सगळे वाफे झाकून टाकतात.”

छपराखालचा दिवा कुणीतरी लावला. बायकांच्या चेहऱ्यांवर पिवळा उजेड आला. पिस्कॅटवेच्या साऱ्या घरांना भाज्या मिळाल्या होत्या, फक्त मेथी उरली होती.

“ये किसको दें?” रेणूने विचारले. “आखिरी नंबर कौन लेगा?”

“कोई नहीं लेगा,” कुणीतरी म्हणाले.

काका उठून उभे राहिले. उकिडवे बसून त्यांचे गुडघे आखडले होते, ते त्यांनी हाताने चोळले. मग वाकून फोनमध्ये पाहत म्हणाले,

“आखिरी नंबर मेरा.”

“आप क्यों? पौधे तो आप बाँटते हो. पहले आप लो,” चाची म्हणाली.

“नहीं, नहीं. सुनो. ऑक्टोबर में सबका बगीचा बंद. सब अपने अपने घर में. तब मैं मेथी लेके जाऊँगा, तो दरवाजा खोलेंगे की नहीं?”

“खोलेंगे!” बायका ओरडल्या.

“और तब तक?” चाचीने विचारले. ती आता हसत नव्हती. “जेठ से कातिक तक आप क्या करोगे? बैठके देखोगे?”

काकांनी थोडा विचार केला.

“तब तक वो लोग मुझे देंगे ना. सबके पास कुछ होगा, मेरे पास कुछ नहीं. तो वो आएँगे मेरे घर.” हे बोलताना त्यांना स्वतःलाच ते नवे वाटल्यासारखे ते थांबले. “हाँ. वो आएँगे.”

चाचीने फोन मांडीवर ठेवला. पडद्यावर पत्र्याचे छप्पर आणि एक तुळई दिसू लागली. तिचा आवाज तेवढा ऐकू येत होता, आणि तो चैत्रालीशी बोलत नव्हता.

“सावन-भादों में हमारे घर तरकारी कौन देगा?”

“हम देंगे चाची,” एक आवाज आला. “जिसकी तोड़ाई, वो देगी,” दुसरा. मग एकदम खूप आवाज.

“खाली तरकारी से क्या होगा? हम हाथ पे हाथ धरके नहीं बैठ सकते.”

“बैठने को कौन बोला?” ही रेणू होती. “मंडी में कौन जाएगा? मुझसे मोल-भाव होता नहीं, ये सब शरमाती हैं. चाची, सावन भर सबका माल तुम बेचोगी. तुम्हारे सामने कोई आढ़ती टिकेगा?”

“नहीं टिकेगा!” खाटेवरून कुणीतरी ओरडले आणि पुन्हा हसू उसळले. या वेळचे हसू वेगळे होते. त्यात चाचीचा आवाज सगळ्यात शेवटी मिसळला, आणि मिसळल्यावर बाकीचे ऐकू येईनात.

छप्पर हलले, तुळई गेली, चाचीचे डोळे परत आले.

“बिटिया, सुनो. आखिरी नंबर हमारा. और बाबूजी का.”

“हो चाची,” चैत्राली म्हणाली. मग हिंदीत म्हणाली, “जी चाची.”

“और गोभी होगी तो फोन पे नहीं दिखाएँगे. आके देखना.”

“येईन,” ती म्हणाली. कशी येणार, ते तिला माहीत नव्हते. पण म्हणाली.

त्यानंतर बाराबंकीच्या बाजूने कुणालाच चैत्रालीची गरज उरली नाही. दोडका कुणी घ्यायचा, मिरचीची रोपवाटिका कुणाच्या आवारात करायची, याची वादावादी सुरू झाली. ती ऐन रंगात असताना रेणूने हात हलवला आणि फोन बंद झाला. चैत्राली काही वेळ काळ्या पडद्याकडे पाहत बसली. मग तिने टाचा मातीत रोवल्या आणि पाठीमागे हात टेकून आभाळाकडे तोंड करून हसली, कुणी पाहत नसल्यासारखी.

काका पाहत होते. पण त्यांची नजर लगेच आपल्या ट्रेकडे गेली. ट्रेमध्ये दुधीची रोपे ओळीने उभी होती, प्रत्येकाची दोन गोल पाने हातासारखी पसरलेली.

“चैत्राली, खरं सांग. कुणालाच नको असतो ना गं माझा दुधी?”

“एक हवा असतो, काका,” ती म्हणाली. “तीन नको असतात.”

काकांनी तिच्याकडे रोखून पाहिले. मग वाकून तिच्या वाफ्याच्या कडेचे दोन पेले उचलून ट्रेमध्ये ठेवले. तिसरा राहू दिला.

“भेंडीचं बी कुठे मिळेल? चांगलं?” त्यांनी विचारले.

“माझ्याकडे आहे. लॅबमधलं नाही, घरून आणलेलं.”

“मग आण. सीमाकडे मी आजच जातो. दुधी न घेता गेलो तर घाबरेल बिचारी.”

पुढच्या शनिवारी फोन लागला तेव्हा बायका छपराखाली नव्हत्या. रेणू शेताच्या बांधावरून चालत होती आणि चालता चालता दाखवत होती. ही मिरचीची रोपवाटिका, वर गवताचे आच्छादन. ही भेंडी, अजून वर आलेली नाही, पण पेरली आहे. तळ्याकडच्या बाजूला चाची एका उंच वाफ्याच्या कडा फावड्याने थापत होती. पाणी ओसरल्यावर लागणारे वाफे ती आताच करून ठेवत होती, तेवढे तरी आधी. फोन पाहून तिने फावडे रोवले.

“बाबूजी कहाँ हैं?”

चैत्रालीने मागे वळून पाहिले. शेजारचा वाफा रिकामा होता. माती नीट ओढून ठेवलेली, बाकी काही नाही. शनिवारी सकाळी काका बागेत नाहीत, असे तिने कधी पाहिले नव्हते.

“बघते आणि सांगते,” ती म्हणाली. कॉल संपताच तिने काकांना फोन लावला. तो एंगेज होता. पुन्हा लावला, पुन्हा एंगेज. तेव्हा हात धुऊन ती त्यांच्या घरीच निघाली. घर बागेपासून चालत जाण्यासारखे होते.

दार शैलाकाकूंनी उघडले. त्यांचे केस विंचरायचे राहिले होते आणि गालावर बेसनाचा डाग होता.

“बरं झालं आलीस. ये, ये आत. चप्पल राहू दे.”

“काका ठीक आहेत ना?”

“त्यांना काय धाड भरलीय! जगन्नाथकडे गेलेत, तिथून राजेशकडे. कालपासून फोन ठेवला नाहीये माणसाने. देवांगलाही लावला. तो म्हणतो, डॅड, आय विल ग्रो समथिंग टू, पण मला काय ते सांगा. बाल्कनीत कुंडी ठेवणार म्हणे.” काकू बोलत बोलत स्वयंपाकघरात गेल्या. ओट्यावर तांदळाचा डबा उघडा होता आणि शेजारी दोन माणसांचा छोटा कुकर. “आता सकाळी जाता जाता मला सांगून गेले, दुपारी सगळे जेवायलाच येतायत. वाटणी ठरवायचीय म्हणे, कुणी काय लावायचं. सीमाला भेंडी नकोय, तिला कारलं हवंय. राजाराम मास्तर कारलं सोडायला तयार नाहीत. फोनवर मिटत नाही म्हणून सगळ्यांना इथेच बोलावलंय.”

“सगळ्यांना?”

“तेच तर. सगळे म्हणजे किती गं?”

चैत्रालीने बोटांवर मोजायला सुरुवात केली. सीमा आणि तिचा नवरा, जगन्नाथकडचे चौघे, राजेश असला तर राजेश, प्रीता, तिची आई, ती तान्ही. एक हात संपला, दुसरा हात संपला. काकू तिच्या बोटांकडे पाहत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर आधी भीती आणि मग हळूहळू काहीतरी वेगळेच उमटत होते.

“आणि तू,” त्या म्हणाल्या.

“आणि मी.”

“इतक्या माणसांना भात किती लागतो, माझा अंदाजच गेलाय गं,” काकू म्हणाल्या. त्यांनी छोटा कुकर उचलून बाजूला सारला, खालच्या कपाटातले सगळ्यात मोठे पातेले दोन्ही हातांनी ओढून काढले आणि त्यावरची धूळ पदराने पुसली.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज झाला, मग आणखी एका गाडीचा. काकांचा आवाज आला आणि त्यावर चढलेला मास्तरांचा आवाज, “कारलं मी सोडणार नाही, सांगून ठेवतो!”

काकूंनी डब्यातून भरलेली वाटी पातेल्यात उलटी केली आणि वाटी पुन्हा तांदळात बुडवली.